विश्लेषण : संगणकातून ‘डिलीट’ केलेली आधारची प्रत खरेच पुसली जाते का?

उत्पन्नाचा दाखला असो, पीक विम्याचा अर्ज असो की अतिवृष्टीच्या मदतीसाठीची ई-केवायसी, धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेकांची वाट गावातल्या किंवा तालुक्याच्या सेवा केंद्रावरूनच जाते. तिथे आधार, पासबुक, शिधापत्रिका, सातबारा स्कॅन होतात, अर्ज पुढे जातो, पावती हातात पडते. स्कॅन केलेल्या प्रती मात्र त्या डेस्कटॉप संगणकात राहतात. चालकाने त्या प्रामाणिकपणे डिलीट केल्या, तरी त्या लगेच नाहीशा होत नाहीत. हाच संगणक उद्या दुरुस्तीला, बदलीत किंवा भंगारात गेला तर काय होईल? फाइल कायमची पुसायची म्हणजे नेमके काय करायचे आणि कायदा त्याबद्दल काय सांगतो?

हा प्रश्न आताच का?

याला दोन कारणे आहेत. पहिले तांत्रिक. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. अनेक जुने डेस्कटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे सेवा केंद्रे, पतसंस्था, शाळा, दवाखाने, झेरॉक्सची दुकाने अशा ठिकाणचे जुने संगणक बदलण्याची वेळ आली आहे.

दुसरे कारण कायदेशीर. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित केले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. काम संपलेली माहिती पुसणे ही त्यातली एक जबाबदारी आहे.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा विषय जास्त जिव्हाळ्याचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार होती. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांत ती विखुरलेली आहे. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी हा एक. घरी संगणक आणि स्कॅनर नसलेल्या कुटुंबांना दुसऱ्याच्या संगणकावर विसंबावे लागते. एक रुपयातील पीक विमा, २०२४ ची लाडकी बहीण योजना, सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतरची मदत अशा प्रत्येक वेळी केंद्रांसमोर रांगा लागतात आणि प्रत्येक रांगेमागे संगणकात कागदपत्रांची नवी थप्पी तयार होते.

‘डिलीट’ केल्यावर नेमके काय होते?

संगणकाच्या डिस्कवर फाइलचा मजकूर एका जागी असतो आणि ती फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद दुसऱ्या जागी. विंडोजमध्ये या नोंदवहीला मास्टर फाइल टेबल म्हणतात. डिलीटचे बटण दाबले की फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. रिसायकल बिन रिकामे केले, किंवा शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबले, की नोंदवहीत ‘ही जागा आता मोकळी’ असा शेरा पडतो. मजकुराला हातही लागत नाही.

सातबाऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेतातले उभे पीक नाहीसे होत नाही, तसाच हा प्रकार. त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहतो. रिकामी जागा भरपूर असलेल्या डिस्कवर तो महिनोन्‌महिने राहू शकतो. रेकुव्हा, फोटोरेक यांसारखी सहज मिळणारी सॉफ्टवेअर हाच मजकूर शोधून परत आणतात. चुकून उडालेले लग्नाचे फोटो त्यामुळे परत मिळतात आणि डिलीट केलेले आधार कार्डही त्याच वाटेने परत मिळते.

‘क्विक फॉरमॅट’नेही फारसा फरक पडत नाही. त्यात जुन्या नोंदवहीच्या जागी नवी कोरी वही येते, मजकूर जागेवरच असतो. क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले, तर विंडोज व्हिस्टापासूनच्या आवृत्त्या संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितात. त्याला तासन्‌तास लागतात, म्हणून तो पर्याय सहसा कोणी निवडत नाही.

एका कागदाच्या किती प्रती राहतात?

एक आधार कार्ड स्कॅन केले म्हणजे एकच फाइल तयार झाली, असे होत नाही. मूळ स्कॅन एका फोल्डरमध्ये जातो. पोर्टलने घातलेल्या आकाराच्या मर्यादेत बसवण्यासाठी त्याची लहान प्रत केली जाते. कधी पीडीएफ केली जाते, कधी फोटो वेगळा कापला जातो. अर्जदाराने कागद व्हॉट्सॲपवर पाठवला असेल, तर त्याची प्रत डाउनलोड्स फोल्डरमध्ये उतरते. नंतर अर्जदाराने आपल्या मोबाइलवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले, तरी संगणकावर उतरवलेली ही प्रत जात नाही.

पेन ड्राइव्ह, ई-मेलचा सेंट बॉक्स, गुगल ड्राइव्हसारखा आपोआप जोडलेला साठा, विंडोजने स्वतःहून ठेवलेल्या जुन्या आवृत्त्या हे आणखी कोपरे. पुसण्याची सुरुवात प्रती शोधण्यापासून करावी लागते. मूळ फाइल कितीही कसोशीने पुसली आणि डाउनलोड्समध्ये तिची जुळी बहीण राहिली, तर त्या मेहनतीचा उपयोग नाही.

आधार प्राधिकरणानेही हा धोका ओळखला होता. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळूरु विभागीय कार्यालयाने एक सूचना काढली. सायबर कॅफे किंवा सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका आणि उतरवलेच तर त्याच्या सर्व प्रती कायमच्या डिलीट करा, असे त्यात म्हटले होते. आधारची झेरॉक्स सर्रास कोणाला देऊ नका, असाही सल्ला त्यात होता. त्यावरून गोंधळ उडाल्यावर दोनच दिवसांत, चुकीचा अर्थ निघण्याची शक्यता असल्याचे सांगत ही सूचना मागे घेण्यात आली. ‘कायमचे डिलीट’ म्हणजे काय आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या संगणकावर ते कसे करायचे, याचे उत्तर मात्र त्या सूचनेतही नव्हते.

जुन्या हार्ड डिस्कवरून फाइल कशी पुसावी?

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कसाठी उपाय सोपा आहे. मजकुराच्या जागेवर दुसरे काहीतरी लिहायचे. पिकावर नांगर फिरवण्यासारखे. किती वेळा फिरवायचा, याबद्दल मात्र गैरसमज बरेच आहेत. संगणकतज्ज्ञ पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये एका शोधनिबंधात ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली. ती त्या काळच्या वेगवेगळ्या डिस्कचा विचार करून केलेली होती. आधुनिक डिस्कवर ३५ फेऱ्यांची गरज नाही, असे पुढे गटमन यांनीच स्पष्ट केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार आजच्या हार्ड डिस्कसाठी नीट केलेली एक फेरी साधारणपणे पुरते.

विंडोजमध्येच यासाठी ‘सायफर’ नावाची आज्ञा आहे. ती मोकळ्या दाखवलेल्या जागेवर तीन वेळा लिहिते. त्यामुळे आधी डिलीट केलेल्या फाइलींचे अवशेष पुसले जातात, चालू फाइलींना धक्का लागत नाही. रोज कागदपत्रे हाताळणाऱ्या केंद्राने महिन्यातून एका रात्री ही आज्ञा चालवली, तरी बराच धोका कमी होतो. संगणकच विकायचा असेल तर ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडून ‘क्लीन डेटा’ हा पर्याय चालू करावा. तो मूळ स्थितीत बंद असतो आणि तो न निवडता केलेले रिसेट अपुरे ठरते. हा पर्यायही घरगुती वापरासाठी आहे, सरकारी किंवा औद्योगिक मानकांसाठी नाही, असे खुद्द मायक्रोसॉफ्टने म्हटले आहे.

एसएसडीला हीच पद्धत का चालत नाही?

गेल्या काही वर्षांतल्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असते. तिच्यात चिप असतात आणि एकच चिप लवकर झिजू नये म्हणून आतला नियंत्रक लिखाण सतत वेगवेगळ्या जागी वाटत राहतो. आपण जुन्या फाइलवर शून्ये लिहिली असे समजतो, प्रत्यक्षात नियंत्रक ती शून्ये दुसऱ्याच जागी लिहितो आणि जुना मजकूर बाजूला पडून राहतो. शिवाय एसएसडीत राखीव जागा असते, ती विंडोजला दिसतही नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये याची तपासणी केली. एकेक फाइल पुसण्याच्या प्रचलित पद्धती एसएसडीवर वापरल्यानंतरही फाइलचा ४ ते ७५ टक्के मजकूर चिपमध्ये शिल्लक सापडला.

याला एक दुसरी बाजूही आहे. आजच्या विंडोजमध्ये ‘ट्रिम’ नावाची सोय चालू असते. फाइल डिलीट होताच ती एसएसडीला सांगते की ही जागा आता नको. त्यानंतर एसएसडी ती जागा आपल्या सवडीने रिकामी करते, त्यामुळे साध्या सॉफ्टवेअरने फाइल परत मिळणे अनेकदा अशक्य होते. पण ती नेमकी केव्हा रिकामी झाली याची खात्री वापरकर्त्याला देता येत नाही. पेन ड्राइव्हमध्ये तर ही सोय बहुधा नसतेच.

म्हणून एसएसडीसाठी दोनच भरवशाचे मार्ग आहेत. पहिला, विकण्यापूर्वी उत्पादक कंपनीच्या साधनातून ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ ही आज्ञा देऊन पूर्ण डिस्क पुसणे. दुसरा आणि अधिक सोयीचा, पहिल्या दिवसापासून डिस्क कूटबद्ध ठेवणे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होम आवृत्तीतही अनेक संगणकांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ मिळते. त्यात सारा मजकूर कुलूपबंद स्वरूपातच लिहिला जातो. किल्ली नष्ट केली की डिस्कवर उरतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग. संगणक चोरीला गेला किंवा पुसायला वेळच मिळाला नाही, तरी हे संरक्षण कायम राहते. मात्र किल्लीची नोंद सुरक्षित जागी ठेवली नाही, तर मालकालाही आपली माहिती परत मिळत नाही.

पाण्यात भिजलेल्या किंवा फोडलेल्या संगणकाचे काय?

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम, कळंब भागांत घरादारांत पाणी शिरले. अशा वेळी चिखलाने भरलेला संगणक ‘गेला’ म्हणून भंगारात काढला जातो. प्रत्यक्षात खराब होतो तो मदरबोर्ड किंवा वीजपुरवठ्याचा भाग. डिस्कवरचा मजकूर पाण्याने पुसला जात नाही.

याचे टोकाचे उदाहरण अवकाशातले आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया यान पृथ्वीच्या वातावरणात येताना नष्ट झाले. त्याच्या अवशेषांत जळालेली एक हार्ड डिस्क सापडली. तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती तज्ज्ञांनी परत मिळवली आणि त्यावरील प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. भंगारातल्या डिस्कवर इतका खर्च कोणी करणार नाही, हे खरे. पण बंद पडलेला संगणक म्हणजे रिकामा संगणक नव्हे, एवढे यातून समजते.

बंद संगणक टाकायचाच असेल, तर डिस्क काढून घ्यावी. हार्ड डिस्कच्या तबकडीला आरपार भोके पाडली किंवा ती वाकवली, तर सामान्य माणसाच्या दृष्टीने ती निकामी होते. एसएसडीत मात्र प्रत्येक चिप फुटायला हवी, वरचे आवरण ठेचून भागत नाही. डिस्क जाळू नये, विषारी धूर होतो. उरलेला संगणक ई-कचरा नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा.

निष्काळजीपणाची किंमत किती असते?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांचा अहवाल २००३ मध्ये आला. वाचता आलेल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांत वैद्यकीय नोंदी, पत्रे आणि हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक होते.

मोठ्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत. मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेच्या उपकंपनीने जुन्या डिस्क पुसण्याचे काम सामानाची ने-आण करणाऱ्या, या कामाचा अनुभव नसलेल्या कंपनीला दिले. त्यातील काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसह ऑनलाइन लिलावात पोहोचल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने तिला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. २०१३ मध्ये एका आरोग्य विमा संस्थेला बारा लाख डॉलर मोजावे लागले, कारण तिने परत केलेल्या भाड्याच्या झेरॉक्स यंत्रांच्या हार्ड डिस्कमध्ये रुग्णांची माहिती तशीच होती. मोठ्या डिजिटल झेरॉक्स यंत्रालाही डिस्क असते, हे तिथे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

भारतीय कायदा काय सांगतो?

२०२३ च्या कायद्याच्या कलम ८(७) नुसार संमती मागे घेतल्यावर किंवा माहिती घेण्याचा हेतू संपल्यावर ती पुसणे बंधनकारक आहे. दुसऱ्या कायद्याने ती ठेवणे आवश्यक असेल तर अपवाद. २०२५ च्या नियमांनी माहिती आणि प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष जपण्याचीही अट घातली आहे, त्यामुळे काम झाल्याच्या क्षणी सारे पुसा असा त्याचा अर्थ होत नाही. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही कमाल मर्यादा आहे. चुकीचे गांभीर्य आणि परिणाम पाहून मंडळ रक्कम ठरवेल.

खरी मेख कलम १७(४) मध्ये आहे. राज्यसंस्था आणि तिच्या यंत्रणांना पुसण्याच्या बंधनातून वगळले आहे. म्हणजे खासगी दवाखाना, पतसंस्था, शिकवणी वर्ग यांच्याकडे नागरिक ‘माझी माहिती पुसा’ असा आग्रह धरू शकेल, सरकारी कार्यालयाकडे नाही. सेवा केंद्र या दोहोंच्या मध्ये उभे आहे. चालक खासगी, संगणक त्याच्या मालकीचा, काम मात्र शासनाचे. कायद्यात अशा केंद्रांचा नावाने उल्लेख नाही. त्यामुळे केंद्राच्या संगणकावर उरलेली प्रत किती दिवस ठेवायची, कशी पुसायची आणि चालकाचा परवाना संपला तर डिस्कचे काय करायचे, हे केंद्र देतानाच्या अटींत लिहिले जायला हवे. जिल्ह्याच्या पातळीवर हे करणे अवघड नाही. केंद्रांच्या तपासणीत दरपत्रक लावले आहे का हे पाहतात, तसे डिस्क कूटबद्ध आहे का हेही पाहता येईल.

मग सगळेच पुसून टाकायचे का?

तसे मुळीच नाही. मराठवाड्यात २०२३ च्या शरदात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातील मोडी आणि उर्दू कागद बाहेर निघाले. धाराशिवसह मराठवाड्याच्या जिल्ह्यांत ते तपासले गेले, स्कॅन झाले. शंभर वर्षांपूर्वीचा एखादा कागद कोणी तरी नष्ट केला नाही, म्हणून आज एखाद्या घराला दाखला मिळतो. आजच्या ग्रामपंचायतीच्या संगणकातील जन्म-मृत्यूच्या आणि कराच्या नोंदी उद्याचे तसेच पुरावे आहेत.

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार शासकीय अभिलेख ठरलेल्या प्रक्रियेशिवाय नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. तेव्हा चौकशी, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा खटला चालू असताना पुसण्याचे साधन हाती घेणे महागात पडू शकते. कार्यालयाची नोंद जपायची आणि अर्जदाराच्या कागदाची फालतू प्रत पुसायची, हा फरक केंद्रचालक आणि ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना स्पष्ट करून सांगावा लागेल.

नागरिकांनी आणि केंद्रचालकांनी काय करावे?

नागरिकाला दुसऱ्याच्या डिस्कवर हुकूम चालवता येत नाही, त्यामुळे त्याची काळजी आधी सुरू होते. जिथे चालते तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. बोटांच्या ठशांचे बायोमेट्रिक आधारच्या ॲपमधून लॉक करून गरजेपुरते उघडावे. कागद व्हॉट्सॲपवर पाठवण्याऐवजी मूळ प्रत समोर स्कॅन करून घ्यावी आणि पावती मिळाल्यावर डाउनलोड्स, स्कॅनचा फोल्डर आणि रिसायकल बिन या तीन जागा आपल्यासमोर रिकाम्या करायला सांगाव्यात. एवढ्याने मजकूर पूर्ण पुसला जात नाही, पण सहज हाती लागण्याची वाट बंद होते. सार्वजनिक संगणकावर आपले ई-मेल किंवा डिजिलॉकर उघडले असेल, तर लॉग आउट केल्याशिवाय उठू नये.

चालकासाठी क्रम असा : डिस्क कूटबद्ध करायची, सर्व कागद एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये घ्यायचे, ठरलेल्या मुदतीनंतर ते पुसायचे, हार्ड डिस्क असेल तर महिन्याला मोकळी जागा पुसायची, दुरुस्तीला देताना शक्यतो डिस्क काढून ठेवायची आणि विकताना पूर्ण डिस्क पुसल्याशिवाय संगणक हातातून सोडायचा नाही. यात खर्च फारसा नाही, शिस्त मात्र लागते. मे २०२७ पर्यंत ती अंगवळणी पाडण्याची मुदत आहे. जुने संगणक मात्र त्याआधीच बदलले जात आहेत.